मधल्या चार घरांचं भांडण

आधी भांडणाचं बोलतो, डावाचं मग.

गेल्या महिन्यात आपल्या गटाला एक पत्र आलं. शहरातल्या एका मोठ्या व्यासपीठावर 'वंचितांचा आवाज' म्हणून पाच मिनिटं. एक कवी पाठवा. एकच. जाण्यायेण्याचं भाडं मिळेल, जेवणाचं कूपन मिळेल. पत्र विहारात वाचलं आणि आपल्यात आग लागली. निम्मे म्हणाले, जायचं. आजवर दार बंद होतं, आता उघडलंय, मधोमध उभं राहून ऐकवायचं. निम्मे म्हणाले, काळे झेंडे न्यायचे, मांडव हलवायचा. मग जायचं म्हणणारे कोण जाणार यावरून आपसात भांडले. झेंडेवाले पुढं कोण राहणार यावरून भांडले. तीन रविवार, तीन बैठका. एकमेकांना विकाऊ म्हणून झालं, भेकड म्हणून झालं, पोटजात काढून झाली. होय, पोटजातसुद्धा. लिहितोय म्हणून राग येईल, तर येऊ द्या. दोन पोरं गट सोडून गेली.

आणि त्या तीन आठवड्यांत काय झालं? अभ्यासिका बंद. चावी ज्याच्याकडं, तो बैठकीत. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरून द्यायचं आपण वस्तीला कबूल केलं होतं. कॉम्प्युटर ज्याला येतो तो दुसऱ्या बाजूच्या बैठकीत. एका पोरीच्या अर्जाची तारीख निघून गेली. तिचा बाप हमाली करतो. रस्त्यात भेटला तर म्हणाला, "तुमचं ते कवितेचं मिटलं का?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

हा लेख त्या पोरीच्या अर्जापायी लिहितोय. बुद्धिबळ कशाला मधी आणलं, ते आता सांगतो.

०

मी साचाखात्यात काम करतो. चात्या फिरतात, सूत तुटतं, तुटलं की सांधायचं. आठ तास एवढंच. शाळा दहावीला सुटली. बुद्धिबळ शिकलो विहाराच्या ओट्यावर, नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका बाबांकडून. त्यांचा लाकडी पट जुना, एक काळा हत्ती हरवलेला. त्या जागी मी गिरणीतली तुटकी बॉबिन आणून ठेवली. अजून तीच हत्ती आहे. बाबा मला नेहमी काळी मोहरी देत. म्हणत, "पोरा, आधी दुसऱ्याची चाल बघायला शीक. त्याला बोलू दे. माणूस बोलला की त्याची दुखती जागा कळते."

आपल्यातलाच एकजण परवा मला म्हणाला, "तू तो बामणांचा खेळ खेळत बस, इथं समाज जळतोय." भावा, तुझं निम्मं खरं आहे. हा बसून खेळायचा खेळ. बसायला वेळ लागतो, आणि वेळ आपल्याला कोणी वाटणीत दिला नाही. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी २०१३ साली ग्रँडमास्टर झाला. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या संघानं सोनं आणलं, त्या संघात तो होता. मला आनंदच झाला. पण क्लासची फी विचारायला गेलो तेव्हा आकडा ऐकून उंबऱ्यावरूनच परत आलो.

पण बामणांचा म्हणून खेळ सोडायचा, तर मग अक्षरं कोणाची होती? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, म्हणून फारसी घ्यावं लागलं. तेव्हा ते 'बामणांची भाषा, जळो' म्हणून गप्प बसले नाहीत. पुढं संस्कृत शिकले, आणि त्याच ग्रंथांचा पानापानावर पंचनामा केला. आपल्या माणसानं शस्त्र टाकलं नाही, धार तपासली. मी पट घेऊन बसतो ते त्या हिशेबानं. एवढं बोलून हा मुद्दा मिटवतो.

०

आता डावातला विचार. ज्याला खेळ येत नाही त्यालाही कळेल असा सांगतो.

पटावर चौसष्ट घरं. मधली चार घरं म्हणजे गावाचा पार. तिथं बसलेल्याला सगळीकडं जाता येतं. मधल्या घरातला घोडा आठ घरांवर मारा करतो, कोपऱ्यातला घोडा दोनच. पहिली चाल पांढऱ्याची. म्हणजे पारावर आधी बसायचा हक्क त्याचा, जन्मानंच. काळा कायम एक पाऊल मागं.

शंभरेक वर्षांपूर्वीपर्यंत युरोपातले पंडित सांगत, काय वाटेल ते करा पण मधली घरं प्याद्यांनी अडवा. जर्मनीचा डॉक्टर टाराश हा त्यांचा मोठा शास्त्री. पहिल्या महायुद्धानंतर काही तरुण खेळाडू त्याच्यावर उठले. नीमझोविच, रेटी, ब्रेयर, टार्टाकोव्हर, ग्रुनफेल्ड. त्यांना 'हायपरमॉडर्न' म्हणू लागले. म्हणजे आधुनिकांच्याही पुढं गेलेले. नीमझोविचनं १९२५ साली 'माझी पद्धत' म्हणून पुस्तकच काढलं. रेटीनं १९२४ साली न्यूयॉर्कला याच विचारानं जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. त्याआधी आठ वर्षं तो माणूस हरला नव्हता.

विचार असा : मधल्या घरात जाऊन बसायलाच पाहिजे असं नाही. मधल्या घरांवर मारा धरला तरी पुरतो. पांढऱ्याला बसू दे तिथं. चार-चार प्यादी पुढं आणू दे, छाती काढू दे. प्यादं पुढं जातं, मागं येत नाही. खेळात एवढ्या एकाच मोहऱ्याला माघार नाही. म्हणून पुढं आलेलं प्यादं जेवढं रुबाबदार, तेवढंच अडकलेलं. ते राखायला मागं घोडा लागतो, उंट लागतो, वजीर लागतो. मालक पारावर बसला म्हणजे चाकर पहाऱ्याला लागले. तोवर काळा काय करतो? राजाच्या बाजूचं प्यादं एक घर सरकवतो, त्या बिळात उंट बसवतो. कोपऱ्यातला उंट. दिसायला गरीब, पण त्याची तिरकी नजर पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते आणि वाटेत मधली दोन घरं कापते. मग काळा किल्लेकोट करतो, राजा घरात घालतो. आणि मग बाजूनं प्यादं मारून पांढऱ्याची मधली भिंत फोडतो.

हे 'मग' विसरू नका. सगळा डाव या 'मग'वर उभा आहे. त्याच्याकडं परत येणार आहे मी.

०

हा विचार युरोपानं १९२० नंतर पुस्तकात घातला, पण तो खेळला गेला होता त्याच्या सत्तर वर्षं आधी, इथं, कलकत्त्यात. जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर तिथं वकिली करत होता. पॅरिसच्या नावाजलेल्या खेळाडूंशी तरुणपणी दोन हात करून आलेला. त्याच्यासमोर १८४८ च्या सुमारास बंगालच्या आडगावातला एक माणूस येऊन बसला, महेशचंद्र बॅनर्जी. बामण होता, लपवत नाही. इकडं पुण्यात जोतीराव-सावित्रीबाई पोरींची शाळा काढत होते, तेच हे साल. पुढं कितीक वर्षं हे दोघं खेळत राहिले.

आपल्याकडच्या जुन्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही साधारणपणे एकच घर चाले. युरोपात दोन घरं उडी. ज्याला एकच घर चालायची सवय, त्याला मधल्या घरासाठी धावायची घाई नसते. तो कडेनं मोहरी मांडतो. महेशचंद्रानं इंग्रजी नियम घेतला, पण हाड जुनंच ठेवलं.

त्यांचा एक डाव माझ्या वहीत उतरवलेला आहे. कॉक्रेन पांढरा, महेशचंद्र काळा. पाच चालीत कॉक्रेननं चार प्यादी शेजारी-शेजारी चौथ्या रांगेत आणली, सी, डी, ई, एफ. जणू परेडला उभं केलेलं पोलीस पथक. काळ्याचं एकही प्यादं तिसऱ्या रांगेपुढं नाही. कोपऱ्यात उंट, राजा किल्ल्यात. बघणारा म्हणेल, काळा चेपला. सातव्या चालीला काळ्यानं ई-प्यादं दोन घरं पुढं टाकलं, थेट त्या भिंतीवर. प्याद्याला प्यादं गेलं. पांढऱ्यानं डी-प्यादं पुढं रेटलं, तर काळ्यानं घोडा देऊन ई-प्यादं खाल्लं. मग बाजूची दोन प्यादी धावत आली. पांढऱ्याचा घोडा आत शिरून काळ्याच्या वजिरावर आला. काळ्यानं वजीर हलवलाच नाही! प्याद्यानं समोरचा घोडा मारला. पांढऱ्याला मोह झाला, त्यानं वजीर उचलला. तेवढ्यात तेच काळं प्यादं आणखी एक घर आत गेलं, पांढऱ्याच्या हत्तीच्या उरावर, आणि मागून काळ्या उंटाची वाट पांढऱ्या वजिरावर उघडली. वजिराला वजीर गेला. पुढं पांढऱ्याचा राजा घराबाहेर, मैदानात. पंचविसाव्या चालीला कॉक्रेननं डाव सोडला.

जाणकार सांगतात, काळ्याचे बळी शंभर टक्के बिनचूक नव्हते. पांढऱ्यानं वजिराचा मोह टाळला असता तर गोष्ट वेगळी होती. असेल. पण मोह झाला, आणि काळ्याला ठाऊक होतं की होईल.

आता शेवटचं चित्र बघा. ती चार प्यादी, ते पथक, पटाच्या मधी एकही उरलं नाही. तीन मेली, चौथं आमिषाला भुलून बाजूला गेलं. आणि मधल्या डी-पट्टीवर शेजारी-शेजारी कोण उभं? काळ्याचे दोन उंट. त्यातला एक तोच, जो कोपऱ्यातल्या बिळात बसला होता. डावाच्या शेवटच्या चालीत तो त्याच घरात येऊन बसला, जिथं दुसऱ्या चालीला पांढऱ्याचं प्यादं ऐटीत आलं होतं.

मधली घरं काळ्याला शेवटी मिळाली. पण मागून मिळाली नाहीत, आणि पहिल्याच चालीला धावून तर नाहीच नाही.

०

नावाचंही एक बोललं पाहिजे, कारण आपली पोरं नावासाठी जीव टाकतात.

महेशचंद्राच्या या पद्धतीला युरोपानं 'इंडियन डिफेन्स' म्हटलं. हे नाव १८८४ सालापासून छापील सापडतं. माणसाचं नाव गेलं, देशाचं राहिलं. त्याच्याच १८५५ सालच्या एका डावात जी मांडणी आहे, ती मांडणी सदुसष्ट वर्षांनी, १९२२ साली व्हिएन्नाच्या ग्रुनफेल्डनं खेळली. आज तिला ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात. ग्रुनफेल्डनं चोरी केली असं मी म्हणत नाही. त्याला स्वतःलाही सुचली असेल. पण नोंदवही ज्याच्या हातात, नाव त्याचं. बामण असूनही त्याची ही गत, कारण गोऱ्याच्या पटावर तो काळाच होता. यावरून जातीच्या उतरंडीबद्दल काय समजायचं ते समजा.

दुसरा सुलतान खान. पंजाबातला, सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला. १९२९ ला विलायतेत गेला आणि १९२९, १९३२, १९३३ असा तीनदा ब्रिटनचा विजेता झाला. १९३०-३१ च्या हिवाळ्यात हेस्टिंग्जला त्यानं कापाब्लांकाला हरवलं. त्याच हिवाळ्यात बाबासाहेब लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत साम्राज्याच्या मंत्र्यांसमोर आपली बाजू मांडत होते. सुलतान खान १९६६ साली गेला. त्याला मानाचा ग्रँडमास्टर किताब मिळाला २०२४ साली. मेल्यावर अठ्ठावन्न वर्षांनी. किताबासाठी थांबला असता तर कापाब्लांका हरलाच नसता.

०

आता आपल्या गावात येऊ.

२ मार्च १९३०. काळाराम मंदिर. हजारोंची मिरवणूक, आणि दुसऱ्या दिवशी चारही दरवाज्यांवर सत्याग्रही. पहिल्या तुकडीत सव्वाशे पुरुष आणि पंचवीस बाया. आपल्या आज्या-पणज्या. त्यांनी लाठ्या खाल्ल्या, दगड खाल्ले. रामनवमीच्या रथाच्या दिवशी ठरलेला करार मोडून आपल्या माणसांना मारलं. दादासाहेब गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे, ते हा लढा वर्षामागून वर्षं ओढत राहिले. देवळातली मूर्ती काळी आणि दारावरचे पहारेकरी पांढरपेशे, हा विनोद नाशिककरांना तेव्हा कळला नाही.

दार उघडलं नाही. मग बाबासाहेबांनी काय केलं? आणखी जोरानं दार ठोठावलं? ३ मार्च १९३४ ला त्यांनी दादासाहेबांना पत्र लिहिलं. मतलब असा : आपल्या माणसांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून मी हा लढा काढला नव्हता. देवळात गेल्यानं ते समान होतील असंही मला वाटत नव्हतं. त्यांना जागं करायचा, आपली जागा त्यांना दाखवायचा तो उत्तम मार्ग होता. ते काम झालं. आता ताकद राजकारणाकडं आणि शिक्षणाकडं वळवा.

आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला त्यांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही.

दोस्तांनो, समोरचा दाराआड कडी लावून बसला होता. त्याला वाटत होतं, हे बाहेर उभे राहणार, रडणार, पुन्हा येणार. त्यानं सगळी मोहरी त्या एका दारामागं लावली होती. बाबासाहेबांनी ते दारच हिशेबातून काढून टाकलं. दारामागचा पहारा एका दिवसात फुकट गेला. आणि मग बाजूनं मारा सुरू झाला. १९३६ स्वतंत्र मजूर पक्ष. १९३७ खोतीविरुद्ध विधेयक. ७ नोव्हेंबर १९३८, गिरणी कामगारांचा संप. आमच्या साचाखात्यातल्या पोरांना तर ही तारीख पाठ पाहिजे. १९४५ पीपल्स एज्युकेशन सोसायटी. मग घटना. घटनेनं अस्पृश्यता गुन्हा ठरवली. मधल्या घरात कोण बसलं शेवटी? आणि तरीही ते तिथं रमले नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला येवल्याचा शब्द पुरा केला. एकवीस वर्षांची चाल.

बाबासाहेब हे बुद्धिबळाच्या पुस्तकातून शिकले, असं कोणी उद्या भाषणात ठोकू नका. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याच्या हातात पहिली चाल नाही त्याला हा विचार जगताना सापडतो. कोणाला पटावर, कोणाला दारावर.

आणि काळा म्हणजे आपण, पांढरा म्हणजे ते, एवढं सोपंही करू नका. पुढच्या डावाला रंग बदलतो. जात बदलत नाही. पटावर दोघांकडं सोळा-सोळा मोहरी असतात. आपल्याकडं कधी होती? म्हणून तर आपल्याला चाल वाया घालवायची चैन परवडत नाही.

०

ज्या रविवारी तुमची तिसरी बैठक होती, त्या रविवारी मी आलो नाही. कुठं होतो ते सांगतो. रातपाळी करून तसाच एका स्पर्धेला गेलो होतो. एका डावात समोर इंजिनिअरिंगचा पोरगा, शिकवणीवाले सर मागं उभे. मला काळी. त्यानं तीच परेड लावली, चार प्यादी. मी उंट बिळात घातला आणि थांबलो. डोळे चुरचुरत होते. त्यानं घाईनं ई-प्यादं पुढं ढकललं. मी सी-प्याद्यानं बाजूनं फोडलं, मग डी-प्याद्यानं. वीस चालींत त्याच्या भिंतीला भगदाड. पस्तिसाव्या चालीला त्यानं हात पुढं केला. पोरगा सरळ होता, म्हणाला, "छान खेळलात."

त्याचे वडील जवळ आले. "कुठल्या क्लासला जाता?" म्हटलं, "विहारात." मग दुसरा प्रश्न, "आडनाव?" सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा. तुमच्यातही खेळतात का?"

माझ्या जिभेवर शिवी आली होती. खरं सांगतो. ती दिली असती तर तो दिवसभर माझ्या शिवीबद्दल बोलला असता, आपल्या प्रश्नाबद्दल नाही. मी म्हटलं, "हो. दर रविवारी. पोराला पाठवा, फी नाही." त्याला उत्तर सुचलं नाही. त्याचा पोरगा मात्र खाली बघत होता.

घरी येताना मला आपल्या बैठका आठवल्या, आणि स्वतःचीही लाज वाटली. कारण पहिल्या बैठकीत 'मीच जाणार' म्हणून ओरडणारा मीही होतो.

०

आता तुमच्याशी, म्हणजे आपल्याशीच, दोन गोष्टी.

जायचं म्हणणाऱ्यांनो. तुम्ही म्हणता, प्यादं शेवटच्या घरात पोचलं की वजीर होतं. भाषणात टाळ्या घेणारं वाक्य आहे. पण पटावर नीट बघा. प्यादं वजीर होतं म्हणजे काय होतं? ते प्यादं उचलून डब्यात टाकतात आणि त्या जागी वजीर ठेवतात. प्यादं उरतच नाही. आणि बाकीची सात? ती तिथंच मरतात. ते पत्र 'एक कवी पाठवा' म्हणतं. एकच का? कारण एकाला वजीर करून सात जणांना गप्प बसवणं स्वस्त पडतं. आणि आपण बोलवायच्या आधीच सातजण एकमेकांना मारून मोकळे झालो.

झेंडेवाल्यांनो. तुम्हाला वाटतं तुम्ही त्यांच्या उलट आहात. नाही. तुम्हीही मधल्या घराकडंच धावताय, फक्त ओरडत. पांढऱ्याची चाल आली की तुमची चाल ठरते. त्यानं कार्यक्रम ठेवला की तुमचा मोर्चा. त्यानं काही बरळलं की तुमचा निषेध. स्वतःची अशी चाल वर्षात किती? लढा नको असं मी म्हणत नाही. काळारामच्या दारावर लाठ्या खाल्ल्या नसत्या तर येवला घडलं नसतं. पण तिथं हजारो माणसं जागी करायची होती. इथं तुम्ही कोणाला जागं करताय? मांडवाच्या मंडपवाल्याला?

आणि तिसरेही आहेत, गप्प बसलेले. ते म्हणतात, आपला विहार बरा, आपली जयंती बरी, त्यांचं त्यांना लखलाभ. दोस्तांनो, हे सगळ्यात धोक्याचं. तो 'मग' आठवा. मधलं घर समोरच्याला देऊन काळा कोपऱ्यात नुसता बसून राहिला, तर ती चार प्यादी पुढं-पुढं येतात आणि त्याला त्याच्याच किल्ल्यात गुदमरून मारतात. मधलं घर सोडणं वेगळं आणि त्याचा नाद सोडणं वेगळं. कोपऱ्यातल्या उंटाची नजर कायम मधल्या घरावर असते. नजर हटली की तो उंट नाही, लाकूड.

आपल्या साहित्यानं हे आधी करून दाखवलंय. १९५८ साली मुंबईत पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं, उद्घाटनाला अण्णाभाऊ साठे. कोणाच्या मांडवात जागा मागितली नव्हती. मग लहान लहान मासिकं निघाली, हातानं चाक फिरवून, शाईनं बोटं काळी करून. १९७२ ला पँथर. मराठी साहित्याच्या मधल्या घरातले लोक आपापल्या जागी बसलेले असताना त्यांच्या पायाखालची भाषा बदलली. २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, आणि त्याच दिवसांत याच शहरात विद्रोही साहित्य संमेलनही भरलं. आपल्यातले कितीजण कुठं गेले ते महत्त्वाचं नाही. दोन पट मांडले गेले, हे महत्त्वाचं.

हा अंक म्हणजे आपला कोपऱ्यातला उंट आहे. त्याला बिळात कुजवू नका.

०

म्हणून माझा प्रस्ताव. बैठक लागणार नाही, उभ्या उभ्या होईल.

पत्राला उत्तर चार ओळींचं. एक कवी पाठवणार नाही. निवड समितीत कोण आहे ते कळवा. इतर कवींना मानधन आहे आणि आम्हाला कूपन, असं का, ते कळवा. आमचं वाचन पुढच्या महिन्यात विहाराच्या ओट्यावर आहे, ऐकायला या. त्यांचं पत्र आणि आपलं उत्तर, दोन्ही पुढच्या अंकात शेजारी-शेजारी छापायचं. झाली एक चाल. तीन आठवडे नाही, एक चाल.

बाकीच्या चाली आपल्या. अभ्यासिका सोमवारपासून रोज उघडी, चावी दोघांकडं. अर्जांची यादी भिंतीवर, नाव आणि शेवटच्या तारखेसकट. ज्या पोरीची तारीख गेली तिच्यासाठी मुदत वाढते का, ते विचारायला समाजकल्याणच्या कचेरीत दोघांनी जायचं. माझी रातपाळी आहे, दिवसा मी मोकळा, एक मी. नाही वाढली तर तिची या वर्षाची फी आपण वर्गणीनं भरायची. झेंड्याच्या कापडाला जेवढे जमले होते तेवढ्यात अर्धी होते, मी हिशेब केलाय. बदली कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचे कागद माझ्याकडं पडून आहेत, त्यातही माझीच कसूर. तेही यादीत.

गट सोडून गेलेल्या दोघांना : शिव्या दिल्या त्यात मीही होतो. माफी मागतो. अभ्यासिकेची दुसरी चावी तुमच्याकडंच आहे. परत या. नाही आलात तरी चावी तेवढी पाठवा, पोरं दाराबाहेर उभी राहतात. आपलीच पोरं, आपल्याच दाराबाहेर.

तो हमाल मला पुन्हा भेटेल. त्याचा रस्ता आणि माझ्या पाळीचा रस्ता एकच आहे. तो विचारील, "मिटलं का?" त्याला काय सांगायचं, ते आपण या आठवड्यात ठरवायचं आहे.

चाल आपली आहे.

जय भीम.